रापणीचा फोटो : किनाऱ्यावर कसा टिपला, घरी कसा घडवला

माझ्या घरी भिंतीवर समुद्राचा एकच फोटो आहे आणि त्यात सूर्यास्त नाही. मालवणजवळच्या तारकर्लीच्या पुळणीवर सकाळी रापण (मासेमारीचं लांबलचक जाळं) ओढणारी माणसं आहेत. सगळे मागे रेलून दोर ओढतायत, दोर उजवीकडून डावीकडे तिरका पाण्यात शिरलाय, ओल्या वाळूत त्यांची प्रतिबिंबं पडलीत. रांगेतले शेवटचे दोघं-तिघं अजून माडांच्या निळसर सावलीत आहेत आणि पुढच्यांच्या पाठीवर कोवळं ऊन आलंय. बघणारा हमखास विचारतो, "एडिट केलाय ना?" केलाय. पण खरं काम त्याच्या कितीतरी आधी, कालनिर्णयातली तिथी बघण्यापासून सुरू झालं होतं.

कोकणात जाऊन आल्यावर फोनमध्ये तोच नारिंगी गोळा आणि त्याच्यासमोर हात पसरलेलं काळं माणूस, असे शंभर फोटो निघतात आणि त्यातला एकही पुन्हा बघावासा वाटत नाही. तुमचं असं होत असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. महागडा कॅमेरा लागत नाही. लवकर उठावं मात्र लागतं.

पायरी १ : दिवस तिथीवरून ठरवा

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे कॅमेरा धरला की सूर्य थेट भिंगात येतो आणि माणसांचे नुसते आकार उरतात. सकाळी हेच उलटं होतं. ऊन जमिनीच्या बाजूने, माडांवरून येतं आणि समुद्रावर, होडीवर, माणसांच्या अंगावर पडतं. लुगड्याचा रंग, जाळ्याचा हिरवा धागा, टोपलीतल्या बांगड्यांची चमक हे सगळं सकाळी दिसतं. त्यात पहाटेपासून मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा असतो. तो पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो आणि खारे तुषार तुमच्या भिंगावर येऊ देत नाही. दुपारनंतर वारा फिरतो, समुद्रावरून येतो आणि सगळं चिकट करून टाकतो. सूर्यास्ताला माझा विरोध नाही, पण सकाळी सात वाजता तारकर्लीला पर्यटक जवळजवळ नसतात, हा मुद्दाही आहेच.

आता ओहोटी. प्रतिबिंब हवं असेल तर ओली, सपाट वाळू हवी आणि ती ओहोटीलाच मिळते. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकवर. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. जागेनुसार अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होतं, कारण मालवणची भरती आणि मुंबईची भरती एका वेळी येत नाही. म्हणून हिशोब तोंडी करावा आणि नंतर भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा ॲपवर नक्की वेळ बघावी.

या हिशोबाने सकाळच्या फोटोसाठी कोणते दिवस येतात ते काढून पाहा. द्वितीयेला पहाटे दीडला भरती, म्हणजे पावणेआठच्या सुमारास ओहोटी. तृतीयेला साधारण साडेआठ. हे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या लगेच नंतरचे, म्हणजे उधाणाचे. पाणी खूप वर चढतं तसंच खूप मागेही जातं, आणि रुंद ओला पट्टा मिळतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं हलत नाही आणि सकाळी सहालाच पुळण भरलेली असते. तो दिवस निवडलात तर फोटोत कोरडी वाळू आणि तिच्यावरचे पायांचे खळगे येतात. सूर्यास्तच हवा असणाऱ्यांसाठी पौर्णिमा आणि अमावास्या उत्तम, कारण तेव्हा ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या आसपास येते.

बारीक पण फार उपयोगी गोष्ट म्हणजे ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी पोचा. पाणी उतरत असताना वाळूत मुरलेलं पाणी खालच्या बाजूने पाझरत राहतं आणि तो पट्टा बराच वेळ आरशासारखा चकचकीत राहतो. भरती चढत असताना लाट कोरड्या वाळूवर येते, वाळू पाणी पिऊन टाकते आणि चमक दोन क्षणांत मरते. पाण्याची पातळी दोन्ही वेळी तीच असते, फोटो मात्र वेगळा येतो.

महिना कोणता? पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, पुळण अरुंद आणि उतरती होते. पाऊस संपल्यावर वाळू हळूहळू परत येते. ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत किनारा सपाट असतो आणि हवा त्यातल्या त्यात स्वच्छ. या काळात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, म्हणून सकाळच्या सावल्या पुळणीवर सरळ न पडता तिरक्या, वायव्येकडे पडतात. चित्राला ते बरं.

पायरी २ : आदल्या संध्याकाळी चौकशी करा

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं टाकत समुद्रात मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक पुळणीवर लांब कुठेतरी आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याचा पोटाचा भाग मासळीसकट वाळूवर येतो. याला बराच वेळ लागतो आणि फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने ही चैन आहे. पहिल्या दहा मिनिटांत काही जमलं नाही तरी बिघडत नाही.

पण रापण वेळापत्रकावर चालत नाही. मासळीचा माग लागला तर लागते, नाहीतर नाही. जिथे उतरलात तिथल्या माणसांना आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. तारकर्लीपासून देवबागच्या संगमापर्यंत सगळा पट्टा एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असा चिंचोळा आहे. रापण यातल्या कोणत्या वाडीसमोर लागेल ते गावातल्यांनाच माहीत असतं. यांत्रिक बोटींशी पारंपरिक मच्छीमारांचा इथला वाद जुना आहे. त्यावरून कोणी तावातावाने बोलू लागलं तर ऐकून घ्या, त्यात तुम्हाला तुमच्या फोटोचा अर्थ थोडा जास्त कळेल.

संध्याकाळी जागाही बघून ठेवा. पाहायच्या गोष्टी तीन. माडांची रांग पाण्यापासून किती दूर आहे, क्षितिजावर नको असलेलं काही, म्हणजे पॅरासेलिंगचे झेंडे किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या, येतंय का, आणि वाळू कुठे सर्वांत सपाट आहे.

माडांचं अंतर का, ते सांगते. १५ मीटर उंच माडाची सावली, सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असताना, जवळपास ८५ मीटर लांब पडते. सूर्य २० अंशांवर आला की ती ४० मीटरच्या आसपास उरते. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि १० अंशांवर यायला पाऊण तास तरी घेतो. म्हणजे उगवल्यानंतर बराच वेळ सगळी पुळण सावलीत असते आणि समुद्र उन्हात. मग सावलीची कड पाण्याच्या रेषेपासून मागे, जमिनीकडे सरकू लागते. ती कड जेव्हा माणसांच्या रांगेवरून जाते, ती दहा-पंधरा मिनिटं माझ्या मते अख्ख्या दिवसातली सर्वांत सुंदर. माझा फोटो तेव्हाचा आहे. योगायोग नव्हता तो, आधी अंतर मोजून ठेवलं होतं. पावलं टाकून मोजलं तरी पुरतं.

पायरी ३ : आधी माणसं, मग कॅमेरा

कॅमेरा गळ्यात अडकवून थेट क्लिक करायला लागू नका. ते लोक त्यांच्या कामावर आहेत. रांगेतल्या कुणातरी वडीलधाऱ्याला विचारा, "काका, फोटो काढले तर चालेल ना?" मला मिळालेलं उत्तर होतं, "काढ गो, पण आदी जरा दोरी वड." मी ओढली. हात सोलवटले, पण दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे ओढण्याला लय असते. सगळे एकदम मागे रेलतात, मग पाऊल बदलतात, मग पुन्हा रेलतात, आणि रेललेल्या क्षणी दोर ताठ असतो, शरीरं एका कोनात असतात. पाऊल बदलताना सगळं विस्कटतं. दुसरं, रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन पहिला होतो, म्हणून रांग सारखी बदलत राहते. ही लय हातात बसल्यावर बटण कधी दाबायचं हे बघावं लागत नाही, कळतं.

दोराच्या आणि समुद्राच्या मध्ये, किंवा दोराच्या वेटोळ्यात, पाय ठेवू नका. ताण आला की दोर उडतो. आणि मासळी बाहेर आल्यावर वाटे पडत असताना मध्ये मध्ये करू नका. तो त्यांचा हिशोबाचा वेळ असतो. लहान मुलांचे चेहरे जवळून टिपायचे असतील तर आईबापांना विचारा.

पायरी ४ : उभं कुठे राहायचं

मी पाण्याच्या रेषेवर, रांगेच्या दक्षिणेला, उत्तरेकडे तोंड करून होते. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे माड, सूर्य उजव्या खांद्यामागे. ओढणाऱ्यांची तोंडं समुद्राकडे, म्हणजे मला ती बाजूने दिसत होती. थेट समुद्राकडे पाहून काढला असता तर पाठीच पाठी आल्या असत्या आणि दोर चित्रात आत पळण्याऐवजी माणसांमागे लपला असता.

खाली बसा. हे एवढं एकच ऐकलंत तरी तुमचे फोटो बदलतील. उभ्याने काढलात तर ओल्या वाळूत आकाश दिसतं, माणूस दिसत नाही. कॅमेरा गुडघ्याच्या खाली, जमल्यास वाळूपासून वीतभर उंचीवर आणलात की माणसाच्या पायापासून डोक्यापर्यंतचं अख्खं प्रतिबिंब येतं. फोन असेल तर तो उलटा धरा, म्हणजे भिंग खालच्या कडेला येतं. अर्थात लाटेवर लक्ष ठेवून.

पण फार खाली गेल्यावर माणसांची डोकी क्षितिजाच्या वर जातात की नेमकी क्षितिजावर येतात ते बघा. क्षितिजाची रेघ मानेतून गेली तर चित्र खटकतं. इंचभर वर-खाली केलं तरी सुटतं.

मग माणसांमध्ये फट शोधा. दोघांची शरीरं एकावर एक आली की बघणाऱ्याला चार पायांचा प्राणी दिसतो. पाऊलभर डावी-उजवीकडे सरकून प्रत्येकाचा आकार सुटा होतो का ते बघायचं. सगळ्यांचा कधीच होत नाही. पुढच्या तिघांचा झाला तरी चालतं.

पायरी ५ : सेटिंग, मोजकीच

फोनवाल्यांनी कॅमेऱ्यात जाळीच्या रेघा चालू कराव्यात, क्षितिज सरळ ठेवायला. उन्हातल्या माणसावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच अडकतो. मग बोट खाली ओढून उजेड जरासा कमी करा, एवढा की लाटेच्या फेसात तपशील दिसू लागेल. फेस एकदा पांढराफटक झाला की घरी कोणतंच ॲप त्यात काही परत आणत नाही. काळोखात गेलेलं मात्र बरंच परत येतं. रॉ फाइलची, म्हणजे टिपलेली सगळी माहिती न दाबता ठेवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर चालू करा. आणि बोटांनी झूम करू नका, चालत जा.

कॅमेऱ्यावर मी छिद्र एफ ८, शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, लागेल तसा, अशा बेताने सुरुवात करते. १/५०० ला ओढणारी माणसं आणि उडणारे थेंब स्थिर येतात. एफ ८ ला पुढच्या माणसापासून मागच्यापर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट असतं. एफ १६ वर जाण्याचा मोह टाळा. चित्र किंचित मऊ पडतं आणि सेन्सरवरची धूळ आकाशात काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. भिंग ३५ मिमीच्या आसपास. त्याहून रुंद घेतलंत तर माणसं मुंग्यांएवढी होतात.

लाट रेशमासारखी पसरलेली हवी असेल तर शटर पाव ते एक सेकंद, तिवई, आणि सकाळचा उजेड फार असल्यामुळे उजेड अडवणारी एनडी काच. मात्र माणसं हलती असताना हे करू नका, भुतं दिसतात. तिवईचे पाय परतणाऱ्या लाटेबरोबर वाळूत रुततात, म्हणून आधी दाबून बसवा, एक लाट जाऊ द्या, मग काढा.

पोलरायझर काचेबद्दल दुकानात फार ऐकवलं जातं. समुद्राची चमक काढून पाणी निळं-हिरवं दाखवायला ती चांगली. पण ती जी चमक काढते, तीच तुमचं ओल्या वाळूतलं प्रतिबिंब असतं. या फोटोसाठी मी ती काढून खिशात ठेवली होती.

क्षणाची निवड लाट करते. लाट येऊन मागे फिरली की दोन-तीन सेकंद वाळूवर पाण्याचा पातळ थर असतो, तेव्हा प्रतिबिंब सर्वांत स्पष्ट. तो क्षण आणि सगळे मागे रेललेले असण्याचा क्षण एकत्र आले पाहिजेत. लागोपाठ फोटो काढायची सोय वापरा, पण दाबून धरून बसू नका. लाट फिरताना तीन-चार, पुन्हा थांबा.

भिंग पुळणीवर बदलायचं नाही, बस. काचेवर पाणी उडालं तर आधी फुंकणीने वाळूचे कण उडवा, मग ओलसर मऊ कापडाने पुसा. कोरडं घासलंत तर वाळूच काच ओरबाडते. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला की धुकं धरतं. निघायच्या अर्धा तास आधी बॅगेसकट गॅलरीत ठेवून द्या. परत आल्यावर तिवईचे पाय गोड्या पाण्याने धुवा.

पायरी ६ : निवड, त्याच दिवशी नको

त्याच संध्याकाळी निवडायला बसलात तर आवडता क्षण निवडता, आवडता फोटो नाही. चार दिवस जाऊ द्या. मग सगळे फोटो लहान आकारात, अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. त्या आकारातही जो ओळखू येतो त्याची मांडणी पक्की. त्यातले चार-पाच काढून मोठे करा आणि तपासा. कुणाचे डोळे मिटलेत, कुणाचा पाय कापला गेलाय, दोर कुठे तुटक दिसतो? माझ्याकडे याच रांगेचा याहून उजेडाचा, याहून रंगांचा एक फोटो आहे. पण त्यात सगळे पाऊल बदलत आहेत आणि दोर सैल आहे. तो बाद. रंग घरी दुरुस्त होतात, सैल दोर होत नाही.

पायरी ७ : एडिटिंग, या क्रमाने

फोनवर स्नॅपसीड पुरेसं आहे, फुकट आहे आणि रॉ फाइलही उघडतं. संगणकावर फुकटात डार्कटेबल, पैसे भरायचे असतील तर लाइटरूम. बटणांची नावं थोडी बदलतात, क्रम तोच. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

सर्वांत आधी क्षितिज. समुद्राची रेघ एक अंशाने कलली तरी पाणी एका बाजूने सांडतंय असं वाटतं. रुंद भिंगाने काढलं असेल तर रेघ वाकलेलीही असते, त्यासाठी भिंगदोष सुधारण्याचा पर्याय चालू करा. मग कातरणं. मी वरचं आकाश बरंच काढलं, कारण त्या दिवशी तिथे एकही ढग नव्हता. खाली मात्र प्रतिबिंबातल्या डोक्यांच्या पुढे थोडी वाळू ठेवली. प्रतिबिंबाचं डोकं कापलं गेलं तर माणूसच कापल्यासारखा वाटतो.

दुसरं, उजेड. हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली, फेसात रेघा दिसेपर्यंत. शॅडो, म्हणजे गडद भाग, वर, पण अर्ध्यावर थांबायचं. सावलीतली माणसं सावलीतच दिसली पाहिजेत. शॅडो पूर्ण वर नेलं की सगळं चित्र सपाट, ढगाळ दुपारचं होतं आणि आपण एवढं अंतर मोजून मिळवलेली सावलीची कड पुसून टाकतो. शेवटी ब्लॅक किंचित खाली, दोर आणि केस ठळक होण्यापुरतं.

आता रंग, आणि इथेच या फोटोचं खरं दुखणं होतं. उन्हातली माणसं पिवळट, सावलीतली निळी. उघड्या आभाळाखालची सावली निळीच असते, आपला डोळा ते आपोआप जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. सगळ्या फोटोला ऊब दिली तर सावलीतले बरे दिसतात, पण उन्हातले हळदीत बुडवल्यासारखे आणि समुद्र हिरवट. थंडावा दिला तर उलटं. उपाय, दोन भाग वेगळे करायचे. लाइटरूममध्ये मास्क, म्हणजे निवडलेल्या भागापुरताच बदल करायची सोय, असते, स्नॅपसीडमध्ये एडिटचा इतिहास उघडून एखादा बदल बोटाने फक्त हव्या त्या भागावर रंगवता येतो. आधी उन्हातल्या माणसांची त्वचा योग्य दिसेल असा रंग सगळ्या फोटोला द्या. मग फक्त सावलीतल्या माणसांवर थोडी ऊब रंगवा. थोडीच. पूर्ण जुळवलं तर खोटं दिसतं. मी साधारण अर्धा निळेपणा तसाच ठेवला, कारण सकाळ थंड होती हे त्यातूनच कळतं.

वाळूवरही तेच. ओल्या वाळूचा पट्टा वेगळा निवडून त्याचा कॉन्ट्रास्ट जरासा वाढवला, प्रतिबिंब उठून आलं. आकाशाला हात लावला नाही. धूसरपणा काढण्याचं बटण प्रत्येक ॲपमध्ये असतं आणि नवखा माणूस ते शेवटपर्यंत ओढतो. समुद्रावरची हवा धूसरच असते, लांबची होडी फिकी दिसली तरच ती लांब वाटते. दहा-पंधराच्या पुढे जाऊ नका. सॅच्युरेशनला मी हातच लावत नाही. रंग कमी वाटले तर मुख्यतः फिके रंगच वाढवणारं व्हायब्रन्स, तेही सांभाळून, कारण आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला नारिंगी वाढवलेलं अजिबात सोसत नाही. त्वचा उजळ करणारी बटणं तर बंदच ठेवा.

कचऱ्याचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. माझ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात निळ्या रंगाचं प्लॅस्टिकचं पिंप होतं. ते रापणवाल्यांचं, जाळं ठेवायचं. ठेवलं. पाण्याच्या रेषेवर वेफर्सचं एक रिकामं पाकीट होतं, तेही ठेवलं, कारण ते तिथे होतं. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका पुसला, कारण तो तिथे नव्हता. स्पर्धेला पाठवायचा असेल तर नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी वस्तू काढलेली किंवा घातलेली चालत नाही, उजेड-रंगाची दुरुस्ती चालते. आकाश बदलून देणाऱ्या ॲपबद्दल काय बोलावं! पश्चिमेला ढग पेटलेले आणि माणसांच्या सावल्याही पश्चिमेलाच पडलेल्या, असे फोटो रोज बघायला मिळतात.

झाल्यावर फोन खाली ठेवा, चहा प्या, परत येऊन मूळ फोटो आणि केलेला फोटो आलटून पालटून बघा. डोळा एडिटच्या रंगांना सरावतो आणि आपण कधी जास्त केलं ते कळत नाही. मी बहुतेक वेळा परत आल्यावर सगळं थोडं थोडं मागे घेते.

पायरी ८ : फाइल आणि प्रिंट

इंटरनेटसाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांचा प्रकार एसआरजीबी (पडद्यांसाठीचा सर्वसाधारण प्रकार). व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रिंट काढणार असाल तर इंचाला ३०० ठिपके हा हिशोब धरा. ८ × १२ इंचाला २४०० × ३६०० पिक्सेल, १२ × १८ ला ३६०० × ५४००. भिंतीवर लांबून बघायच्या प्रिंटला २०० देखील चालतात. प्रिंट पडद्यापेक्षा नेहमी गडद येतो, कारण कागदाला स्वतःचा उजेड नसतो. आधी पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो बघा, गडद वाटला तर प्रिंटसाठी वेगळी, थोडी उजळ प्रत करा. मोठा काढण्याआधी लहान आकाराचा एक नमुना काढून दिवसाच्या उजेडात बघितलेला बरा. चकचकीत कागदापेक्षा मॅट घ्या. फोटोत आधीच चमक आहे, वर ट्यूबलाइटची नको.

आणखी एक प्रिंट रापणवाल्यांसाठी काढा. पुढच्या खेपेला वाडीत नेऊन द्या किंवा जिथे उतरला होतात त्यांच्या पत्त्यावर पाठवा, ते पोचवतात. फक्त लॅमिनेट करून द्या. खाऱ्या दमट हवेत साधा कागद एक पावसाळाही काढत नाही.